सासऱ्यांचा ब्रेक

सोफावाल्याने किल्ली फिरवली. जुन्या पिकअपचा स्टार्टर घरघरला, इंजिन मात्र ढिम्म. फाटकाशी भंगारवाला उभा होता आणि त्याला बोलावणारे सासरेबुवा पायरीवर बसून म्हणत होते, "मारा, अजून मारा. म्हणजे बॅटरीपण संपेल!"

सासरेबुवा निवृत्त वाहन परीक्षक. शिकाऊ ड्रायव्हरांच्या शेजारी बसून त्यांना नापास करण्यात उभी हयात गेलेली. मुलीकडे राहायला आल्यापासून ते जावयाला रोज नापास करत होते. बायकोने सकाळीच निकाल लावला होता, "आज सुरू झाली तर ठेवा. नाही तर बाबा म्हणतात तशी भंगारात द्या. माझ्या जिवाला रोजचा घोर नको." सोफावाल्याला रडूच कोसळायचं बाकी होतं. त्याचा प्रत्येक सोफा याच गाडीने फुलासारखा जपून पोचवला होता.

मिस्त्रीने बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं. "प्लग साफ केले, कॉइल ठणठणीत आहे. करंट मधेच कुठेतरी गुल होतोय. शेवटची कधी सुरू झाली होती?"

"काल. बाबांना दाताच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा."

"मग कालचं सगळं जसंच्या तसं करायचं. त्याशिवाय कळायचं नाही."

बायको हातातलं काम टाकून गाडीत खिडकीशी येऊन बसली. सासरेबुवा कुरकुरत मधे शिरू लागले, तसं मिस्त्रीने विचारलं, "काल असेच बसला होता?"

"नाही. मी खिडकीशी होतो. आणि गाल धरला होता."

"मग खिडकीशी बसा आणि गाल धरा."

"पण आज दुखत नाहीये!"

"बाबा, धरा हो!" सोफावाला अगदी काकुळतीला आला.

"वहिनी काय म्हणत होत्या?" मिस्त्रीने पुढे विचारलं.

"मी म्हणत होते, किती हो वेळ लावता!"

"तेच म्हणा."

बायकोने ते मनापासून म्हटलं, किल्ली फिरली आणि पिकअप एका दमात सुरू झाली! मग मिस्त्रीने एकेक गोष्ट वजा करायला घेतली. बायको सोफावाल्याच्या बाजूने उतरली, इंजिन चालूच. गाल सोडला, तरी चालू. सासरेबुवा उतरले आणि गाडी बंद पडली.

"सापडलं," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "सासऱ्यांशिवाय चालत नाही."

खात्री करायला त्यांच्या जागी खिळ्यांचं पोतं ठेवलं. छे! भंगारवाला त्याच अंगलटीचा, म्हणून त्यालाही बसवला. गाडी घरघरून गप्प. सासरेबुवा परत बसले आणि इंजिन गुरगुरायला लागलं. त्यांची छाती दोन इंच फुगली.

"गाडीला माणूस कळतो!" ते म्हणाले आणि भंगारवाल्यावर कडाडले, "निघा तुम्ही! चालती गाडी भंगारात घालता? काही लाज?"

"अहो, तुम्हीच बोलावलंत ना!"

"तेव्हा नापास होती. आता पास आहे. जावईबापू, उद्यापासून रोज मी येणार!" आणि ते बुटांना पॉलिश करायला ऐटीत आत गेले.

मिस्त्रीने त्यांच्या पायाखालचं मॅट उचललं आणि कपाळावर हात मारला. "हे बघा! इथे ब्रेक नाही, तरी ते दाबतात. जन्माची सवय! टाच मारून मारून वायर तोडलीय, आणि टाच दाबली की तीच वायर जुळते. पोत्याला कुठून असणार ही खोड?" बोलता बोलता त्याने वायर जोडून टाकली. "घ्या. आता एकटे फिरा खुशाल."

सोफावाल्याने आनंदाने बाबांना हाक मारायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. आतून बुटांवर ब्रश फिरवल्याचा आवाज येत होता, वर शीळसुद्धा. आणि भंगारवाला कोपऱ्यावर अजून रेंगाळत होता.

"मिस्त्री," सोफावाला हळूच म्हणाला, "हे कुणाला बोलू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने किल्ली जराशी फिरवून सोडून दिली आणि ओरडला, "बाबा! काही केल्या सुरू होत नाही हो!"

"आलो, आलो! तुम्हाला नाहीच जमायचं ते!" चकचकीत बूट वाजवत सासरेबुवा आले, बसले, जमिनीवर पाय दाबून म्हणाले, "हं, मारा आता!" गाडी सुरू झाली. त्यांनी अख्ख्या गल्लीकडे एकवार बघून घेतलं.

बायकोने खिडकीतून दोघांचे डबे आत दिले आणि नवऱ्याच्या कानाशी वाकून पुटपुटली, "उद्या स्टार्टरचा थोडा आवाज तरी येऊ द्या. नुसतं बसून बाबांना हाका मारता, मला आतपर्यंत कळतं!"