शेवटच्या सॉकेटातलं गेज

मुरबाडच्या एका पाइप कारखान्यात अनंता दोन पाइप जोडणाऱ्या सॉकेटांच्या आतले निमुळते आटे तपासायचा. त्यासाठी मापाचं एक चकचकीत पोलादी गेज होतं. ते सॉकेटात हातानेच फिरवायचं. सॉकेटची कड गेजवरच्या दोन रेघांमध्ये थांबली की माल पास. पाना लावायची सक्त मनाई. गेज बिघडलं तर अनंताची नोकरीच जायची.

सिद्धगडाच्या पायथ्याशी त्याच्या वाडीत नळयोजना आली, तेव्हा धोंडीबाई काकीने गळ घातली, "आपले आटे पन बघ ना रे अनंता! पानी गळाया नको."

अनंताने शनिवारी गेज गुपचूप डब्याच्या पिशवीतून आणलं. रविवारी त्याने ते पाइपलाइनच्या शेवटच्या सॉकेटात फिरवलं. कड बरोब्बर रेघांच्या मधोमध! "पास!" म्हणून गेज तसंच ठेवून तो जेवायला गेला.

नळ जोडणाऱ्या लडकूला वाटलं, हे लाइन बंद करायचं बूच. त्याने मोठा पाना लावून ते जीव खाऊन आवळलं आणि टेकडीवरच्या टाकीचं पाणी सोडलं.

नळाला पाणी आल्याचा बायकांचा गलका ऐकून अनंता हात न धुताच धावला. "लडक्या, काय केलंस रे! काढ ते!"

"काडलं तं सगळं पानी जाईल ना! नवा बूच कल्यानवरनं आनावा लागंल."

धोंडीबाई हंडा घेऊन गेजपुढे ठाण मांडून बसली. "हात तं लावून बघ त्याला!"

सोमवारी अनंताने कारखान्याच्या साहेबांपुढे सगळं कबूल केलं. साहेब लालबुंद झाले. "गेजचं बूच? चल, बस जीपमध्ये!"

वाडीत जीप दिसताच धोंडीबाईला वाटलं, उद्‌घाटनाला मोठे साहेब आले. "अहो, पण मी..." म्हणेपर्यंत साहेबांच्या कपाळी कुंकू, हातात नारळ आणि गळ्यात झेंडूचा हार! पोरांनी टाळ्या पिटल्या. साहेब खाकरले. मग निमुळत्या आट्यांवर वीस मिनिटं बोलले. असं मन लावून त्यांचं कारखान्यात कुणी कधी ऐकलं नव्हतं.

भाषण संपल्यावर त्यांनी गेजभोवती बोट फिरवलं. "एक थेंब नाही! बघितलंत?"

"साहेब, काढू ना आता?" अनंताने हळूच विचारलं.

"काढतोस काय? आत्ताच उद्‌घाटन केलंय मी!"

"मग रजिस्टरात काय लिहू?"

"लिही, गेज बाहेरच्या तपासणीला गेलंय."

"आणि परत कधी येणार?"

साहेबांनी हार सारखा केला आणि आवाज खाली आणला. "ते धोंडीबाईंना विचार."