एका वाक्याच्या एकोणचाळीस चौकटी

सोमवारी सकाळी साडेदहा वाजता आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात एक वाक्य दाखल झालं. प्रयोगशाळेच्या बाई ते स्वतः हातात धरून आल्या होत्या. 'टाकी क्रमांक चारचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका.' एवढंच. इतकं साधं वाक्य आलं की आमच्याकडे आधी संशय घेतात.

मी कार्यालयाच्या पान-निर्यात कक्षाचा प्रमुख. कक्षात मी एकटाच आहे, पण प्रमुख आहे. आतल्या कागदाचं वेबपान करून ते बाहेर पाठवायचं, हे माझं काम. पूर्वी ते दहा मिनिटांत व्हायचं, त्यामुळे त्याला काडीची किंमत नव्हती. मग साहेब तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले आणि येताना एक तत्त्व घेऊन आले: पानात रूप नको, रचना हवी. मजकुराचा प्रत्येक तुकडा नाव दिलेल्या चौकटीत ठेवायचा. रंग, आकार, डावं-उजवं हे सगळं वेगळ्या फाइलीत. म्हणजे उद्या रूप बदलायचं ठरलं तर मजकुराला हात लावायला नको. तत्त्वात खोट नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

"हे लाल अक्षरांत टाका, सगळ्यात वर," बाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, लाल हे रूप झालं. वर हेही रूपच. तुम्ही मला रचना सांगा."

"रचना काय सांगू, साहेब? पाण्यात जंतू सापडलेत!"

"तो झाला मजकूर. पण उद्या शहराला वाटलं सूचना उजवीकडे हवी, परवा वाटलं डावीकडे हवी, तर?"

"परवा शहराला जुलाब लागलेले असतील."

साहेब समजूतदारपणे हसले. बाई गेल्यावर मला म्हणाले, "तज्ज्ञ लोकांचं हेच. पुढचा विचार नाही."

कार्यालयाने दिरंगाई केली, असं मात्र कुणी म्हणू नये. त्याच दुपारी बाटलीबंद पाण्याचे सहा जार मागवून प्रत्येक मजल्यावर दोन-दोन ठेवले गेले. या निर्णयाला एकही चौकट लागली नाही. मीही दोन पेले प्यालो आणि कामाला बसलो.

वाक्य 'सूचना' नावाच्या चौकटीत ठेवलं. उद्या आणखी सूचना आल्या तर? म्हणून बाहेरून 'सूचना-समूह'. समूहात एकच सूचना बरी दिसेना, तेव्हा तीन रिकाम्या चौकटी शेजारी बसवल्या. डाव्या आणि उजव्या पट्टीसाठी एकेक चौकट राखली, कारण पट्ट्या नसल्या तरी त्या कधीतरी होतील. मग साहेबांना शंका आली, की एखाद्या शब्दापुरतंच रूप बदलायचं झालं तर? झालं! वाक्य फोडलं आणि शब्दागणिक चौकट केली. बुधवारी संध्याकाळपर्यंत आकडा एकोणचाळीसवर गेला. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. इतकं नेटकं काम आयुष्यात केलं नव्हतं.

गुरुवारी नावं ठरवायची बैठक झाली. शेवटच्या शब्दाच्या चौकटीला मी 'नकार' असं नाव दिलं होतं. कायदा अधिकारी ताडकन उठले. "कार्यालयाने पाणी द्यायला नकार दिला, असा अर्थ निघेल!"

कोपऱ्यात बसलेल्या बाईंनी विचारलं, "पण ही नावं लोकांना दिसतात का?"

"नाही," साहेब म्हणाले.

"मग?"

"म्हणूनच तर जपायची. दिसतं ते काय, कुणीही सांभाळेल."

अडीच तासांनी 'नकार'चं 'सकारात्मक सल्ला' झालं. बाई मध्येच उठून गेल्या होत्या. थोड्या वेळाने शिपाई सांगत आला, की बाईंनी तेच वाक्य लाल शाईने कागदावर लिहून फाटकाला चिकटवलंय. साहेबांनी कागद काढून आणवला. तत्त्वाचा भंग होता, एकाच कागदावर रूप आणि मजकूर! बाईंना ज्ञापन गेलं. त्याची तीन चौकटींची निर्यात मीच केली.

पुढच्या मंगळवारी चाचणी झाली. मोठ्या पडद्यावर पान झकास दिसलं. फोनवर मात्र जागा अपुरी, त्यामुळे चौकटी आपोआप सरकल्या, आणि शेवटची चौकट घरंगळत जाऊन कार्यालयाच्या पत्त्याखाली बसली. वर उरलं: 'टाकी क्रमांक चारचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ'.

"साहेब, घोळ झालाय," मी म्हणालो.

साहेब फोन उभा-आडवा करून बघत राहिले. चौकटी इकडून तिकडे जात होत्या. "काय लवचिक आहे रे!" ते म्हणाले. "आणि घोळ रूपाचा आहे, रचनेचा नाही. रूप कक्षाला कळव."

रूप कक्षातलं पद तीन वर्षं रिकामं आहे. मी रिकाम्या खुर्चीच्या नावे पत्र लिहिलं, पोच म्हणून आपणच सही केली, आणि दहाव्या दिवशी, बुधवारी, पान प्रसिद्ध झालं. पहिल्याच दिवशी चार हजार लोकांनी पाहिलं. अभिप्राय वाचून माझी छाती फुगली. 'सुटसुटीत.' 'डोळ्यांना त्रास होत नाही.' 'सरकारी वाटतच नाही.' साहेबांना इतर कार्यालयांत व्याख्यानांची बोलावणी येऊ लागली.

शुक्रवारी दुपारी माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. "चिमणीला दवाखान्यात ठेवलंय. कालपासून पोटात थेंब ठरत नाहीये."

चिमणी म्हणजे माझी भाची, तीन वर्षांची. मी धावत गेलो. एवढ्याशा हाताला सलाईनची सुई टोचलेली, ओठ सुकलेले. नेहमी माझ्या खिशात हात घालणारी पोर, तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि डोळे मिटले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही. 

"पाण्यातून झालंय म्हणतात," ताई म्हणाली. "पण मी तर पहिल्याच दिवशी तुमचं पान उघडलं होतं रे. माझा भाऊ करतो म्हणून शेजारणींनाही दाखवलं."

"मग सूचना वाचली नाहीस?"

"वाचली की. 'पाणी उकळल्याशिवाय पिऊ.' मला वाटलं, तुमच्या पाण्याची जाहिरात आहे. इतकं शुद्ध, की उकळायलाच नको."

"अगं, खाली 'नका' होतं."

"कुठे खाली?"

"पत्त्याच्या खाली."

ती हळू आवाजात म्हणाली, "मेल्या, तुला बारा दिवसांत एक फोन करता आला नाही?"

"सुचलंच नाही, ताई," मी म्हणालो. हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून जास्त लाज वाटली.

"आणि टाकी चार म्हणजे आमचीच का? आम्हाला कसं कळायचं?"

एकोणचाळीस चौकटींत ते कुठेच नव्हतं. तिथल्या बाकावरूनच मी प्रयोगशाळेत फोन लावला. बाईंनी एका दमात सात वस्त्या सांगितल्या. दुसरी ताईची.

"बाई, हे आधी का नाही सांगितलंत?"

"त्या पहिल्या सोमवारपासून वाट बघत होते," त्या म्हणाल्या. "लाल का, ते विचारलंत. वर का, ते विचारलंत. कुणाच्या घरात हे पाणी जातं, ते एकानेही विचारलं नाही."

साहेबांनी विचारलं नाही, मी विचारलं नाही, त्या चार हजारांनी विचारलं नाही. आणि तुम्ही? तुम्ही इथवर आलात, साहेबांना हसलात, मध्ये उठून पेलाभर पाणीही प्यायला असाल. तुमच्या नळाला कुठल्या टाकीचं पाणी येतं?