तात्यांचे परीक्षक

आमचे शेजारी तात्या लिमये लिफाफा बंद करताना डोळे घट्ट मिटून घेत. साध्या पत्राला नव्हे. फक्त परीक्षेची उत्तरे पाठवताना. वेळ संपल्यावर आपल्याच उत्तरांवर नजर टाकणे ही चोरी, असे त्यांचे मत होते.

मी लग्न होऊन रेवदंड्यास आले, तेव्हा तात्या मीठखात्यातली नोकरी आटोपून सुपारीच्या वाडीत एकटेच राहत होते. पत्नी कधीच गेली होती. उत्तरेकडच्या कुठल्याशा शहरातली एक संस्था टपालाने धर्मशास्त्र शिकवी. धडे टपालाने, प्रश्न टपालाने, पदव्याही टपालानेच. खाडीत आगबोटीची शिट्टी झाली, की तात्या उपरणे सावरीत धक्क्याकडे निघत. 'धर्मप्रवेश' आणि 'धर्मकोविद' या दोन पदव्या त्यांच्या ओटीवर काचेमागे होत्या. खाऱ्या वाऱ्याने काच धुरकट होई आणि तात्या ती रोज पुशीत.

परीक्षेच्या वेळी एका प्रतिष्ठित व्यक्तीने देखरेख करावी, असा संस्थेचा नियम होता. ती प्रतिष्ठा माझ्या वाट्याला आली. पोथ्यांच्या कपाटाला कुलूप लागे, चावी माझ्या पदराच्या गाठीत येई आणि तात्या सोवळे नेसून विहिरीकडे तोंड करून बसत.

"सूनबाई, माझी मान वळली तर खाकरा हो."

"तात्या, मागे मांजराखेरीज कोणी नाही."

"मांजर असलं म्हणून काय झालं? परीक्षकांना काय वाटेल?"

हे परीक्षक तात्यांच्या घरात सर्वत्र वावरत. आमटी खारट झाली, धोतराचा सोगा लोंबला, की तात्या खाली मान घालून तेच पुटपुटत. जेवायला मात्र त्यांना ऊन उतरेपर्यंत सवड होत नसे. मला तो विधुराचा आळस वाटे.

गावाने त्यांचे नाव 'टपाली शास्त्री' ठेवले होते. ते ठेवले अण्णाशास्त्र्यांनी. गुरूच्या घरी पाणी भरून विद्या मिळवलेले हे वृद्ध गृहस्थ देवळात दर चातुर्मासात पुराण सांगत. त्यांची दृष्टी मंदावली आणि पंचांना नवा माणूस हवा झाला. तात्यांनी भीतभीत आपले नाव दिले.

"तुमचे गुरू कोण?" शास्त्रीबुवांनी भर सभामंडपात विचारले.

"परीक्षक."

"पाहिलेत कधी?"

"देव तरी कुठे पाहिलाय?"

पंच हसले. 'धर्मभास्कर' ही शेवटची पदवी मिळाली तर पुराण तात्यांनी सांगावे, असे ठरले.

त्या परीक्षेच्या सकाळी तात्यांनी माझ्याकडून कैरीच्या लोणच्याची कृती उतरवून घेतली, उत्तरांसाठी आणलेल्याच कोऱ्या कागदांवर. मग उत्तरे लिहिली. वेळ संपताच डोळे मिटले, हाताला लागले ते कागद लिफाफ्यात घातले आणि उरलेले फळीवर ठेवून दिले.

ज्येष्ठात पदवी आली. 'विवेचन सखोल व शास्त्रशुद्ध.' तात्यांनी गावभर साखर वाटली. दुसऱ्या दिवशी लोणचे घालायला बसले आणि कृतीसाठी फळीवरचे कागद काढले. थोड्या वेळाने ते आमच्या पायरीशी आले. बोटांना कैरीचा आंबट, हिरवा वास होता.

"सूनबाई, मोहरी किती फेसायची ते मी परीक्षकांना कळवलंय. आणि ते म्हणतात, सखोल."

मला हसू फुटले. ते मात्र हसले नाहीत.

"म्हणजे आजवर कुणी वाचलंच नाही," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी ते मला सोबत घेऊन देवळात गेले. पंचांसमोर पदवी ठेवून त्यांनी सारे सांगितले आणि आपले नाव मागे घेतले. आता थट्टेचा भडका उडणार, म्हणून मी श्वास रोखून उभी होते. अण्णाशास्त्री खांबाला टेकून ऐकत होते.

"मग खरी उत्तरं कुठे आहेत?"

ती तात्यांच्या उपरण्यात होती.

"वाचा सूनबाई. मला दिसत नाही," शास्त्रीबुवा म्हणाले.

मी वाचू लागले. धूप विझत आला होता. बाहेर सुपारीच्या झावळ्या सळसळत होत्या. शास्त्रीबुवा हुंकार देत होते. 'गृहस्थाने भोजनापूर्वी अतिथीची वाट किती वेळ पाहावी? अतिथी येईपर्यंत.'

"चूक!" शास्त्रीबुवा ताठ झाले. "साफ चूक! गाय दोहायला लागते तेवढाच वेळ. येईपर्यंत थांबला तर गृहस्थ उपाशी मरेल."

"मी थांबतो," तात्या म्हणाले.

ऊन उतरेपर्यंत झाकून ठेवलेले त्यांचे जेवण माझ्या डोळ्यांपुढे आले.

"हे उत्तर पुन्हा लिहा," शास्त्रीबुवांनी घसा साफ केला. "चातुर्मासात पोथी तुम्ही वाचा. चुकलात की मी आहेच. आणि उद्या दोन पानं मांडा. ते लोणचंही वाढा. परीक्षकांनी वाखाणलेलं आहे."

परतताना तात्या वाळूतून भराभर चालत होते. वाडीच्या बेड्याशी, बांबूच्या फाटकापाशी, ते थांबले; उत्तरांचे कागद दोन्ही हातांनी छातीशी धरलेले.

"सूनबाई, ऐकलंत ना? साफ चूक, म्हणाले!"

इतके आनंदी मी त्यांना कोणत्याही पदवीच्या दिवशी पाहिले नव्हते.