मधात हात घालणाऱ्या यशोदाबाई

यशोदाबाईंनी वरचा माल पाहून कधी काही घेतलं नाही. ज्वारीचं पोतं असो, वांग्यांची टोपली असो की कापसाची गाडी, त्यांचा हात कोपरापर्यंत आत जायचा आणि आतली मूठ बाहेर यायची. मग ती उजेडात धरून त्या म्हणायच्या, "वरचं वरचं नोका दाखवू. मधातलं दाखवा." 'मध्ये'ला आमच्या वऱ्हाडात 'मधात' म्हणतात, हे पुण्याकडच्या वाचकांसाठी मी सांगून ठेवतो. यशोदाबाईंनी ते कोणालाही समजावलं नसतं.

ही सवय उगीच लागली नव्हती. सातासमुद्रापलीकडे लढाई जुंपली आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचे दिवस आले. त्याबरोबर लोकांची अक्कलही वाढली. वर पांढराशुभ्र कापूस आणि खाली ओला, पिवळा, किडका! बाईंचा नवरा लवकर गेलेला, वावर मोठं, मुलं लहान. फसून चालणारच नव्हतं. त्या मधात हात घालायला शिकल्या. तो कुठे घालायचा नाही, हे शिकायचं मात्र राहून गेलं.

मी त्यांच्या गावच्या शाळेवर मास्तर होतो. एके सकाळी त्या गणपत आणि नर्मदा या दोन्ही लेकरांना घेऊन आल्या. मी म्हटलं, मुलगा ठेवा, मुलीचं काय काम?

"एकच सरकी कोनी पेरते का, मास्तर? दोनी बसू द्या."

मग माझ्यासमोरचं पुस्तक उचलून त्यांनी बरोबर मधात उघडलं, उलटं धरून माझ्यापुढे केलं आणि म्हणाल्या, "वाचा." मी पुस्तक सुलटं करून वाचलं. "अटकले नाई," असा त्यांनी लेकरांना निकाल सांगितला. "बसा आता." सरकारनं माझी परीक्षा घेतली होती ती याहून सोपी होती.

रोज दिवेलागणीला ओसरीवर लेकरांची तपासणी चाले. माझं घर समोरच, त्यामुळे ती मला फुकट ऐकायला मिळे.

"बारा एके बारा नोको म्हनू. थे त राघूबी म्हनते. बारा साते?"

गंमत अशी की उत्तर बाईंनाही ठाऊक नसे. त्यांची कसोटी एकच: अडखळला तर खोटं. हे नर्मदीनं आठवड्याच्या आत ओळखलं. ती ठसक्यात सांगे, "बारा साते एकशेअकरा!" आणि गुळाचा खडा मिळवी. बिचारा गणपत खरं उत्तर आठवायला क्षणभर थांबे आणि पाठीत धपाटा खाई. शेवटी त्यानंही अक्कल चालवली. आई विचारते तेवढंच, म्हणजे मधलंच पाठ करायचं. बाकीचं कशाला?

अशात डिपोटी साहेब शाळा तपासायला येणार आणि अमरावतीच्या मोठ्या शाळेसाठी एक मुलगा निवडणार अशी खबर आली. तो मुलगा गणपतच, हे बाईंनी वेचणीच्या बायांना केव्हाच सांगून टाकलं. राहण्याची सोय अमरावतीत त्यांच्या चुलतभावाकडे ठरलीसुद्धा. "शेतसाऱ्याची पावती वाचाले मले चार लोकायच्या तोंडाकडे पाहा लागते," त्या मला म्हणाल्या. "माह्या पोट्ट्यावर थे पाळी नोको."

साहेब आले. बाराचा पाढा म्हण म्हणाले. गणपत छाती काढून उभा राहिला. "बारा सक बहात्तर, बारा साते चौऱ्याऐंशी, बारा आठे शहाण्णव." आणि थांबला.

"सुरुवातीपासून म्हण."

"सुरुवात कोनीच इचारत नाई, साहेब."

सगळी शाळा हसली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "काहून साहेब, तुमी कापसाची गाडी वरूनच पाहून घेता का?" साहेब पुण्याकडचे, त्यांना वाटलं बाई भांडायला आली. बाई आत आल्या. "मधातलं इचारा त्याले. अटकला त मीच घरी नेईन."

साहेबांनी चिडूनच एक तोंडी हिशेब घातला, चांगला वाकडा. गणपतनं तो पापणी न लवता सोडवला. दुसरा घातला, तोही. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "पाढे मात्र पाठ करून घ्या." गणपत अमरावतीला गेला.

निरोपाला बाईंच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. "जेवाले लाजू नोको," एवढं बोलल्या आणि वेचणीला निघून गेल्या. मला ते जरा कठोर वाटलं.

त्या हंगामात मात्र अघटित घडलं. आमच्या गावाहून अकोला एका दिवसाच्या वाटेवर, अमरावतीला जायचं तर वाटेत मुक्काम. सगळ्यांचा कापूस अकोल्याला जायचा. बाईंची गाडी अमरावतीला जाऊ लागली, तीही अर्धीच भरून! गावात कुजबुज सुरू झाली. बाईचा हात कधी चुकत नाही, तिला तिकडच्या कापसाच्या दराची आतली बातमी असणार. झालं, एकेक करून गावच्या गाड्या तिच्या मागे लागल्या. आठवड्या-आठवड्याला अमरावतीच्या वाटेवर आमच्या गावची रांग.

एकदा शाळेच्या कामासाठी मीही त्यांच्या गाडीत बसलो. अमरावती आल्यावर बाकीच्या गाड्या पेठेकडे वळल्या. बाईंनी बैल चुलतभावाच्या दारापुढे सोडले. गणपत धावत आला. कापसावर बसवून त्यांनी त्याला दहीभात भरवला, मनगट चाचपलं, केसांवरून हात फिरवला. चारचौघांत आई भरवते म्हणून तो लाजत होता आणि खातही होता.

परतताना मी विचारलं, "बाई, भाव तर अकोल्यालाही हाच आहे. मग एवढी वाट आणि अर्ध्या गाडीच्या इतक्या खेपा कशाला?"

"भावाले काय करू, मास्तर? पोट्टं दिसते थितं." त्यांनी बैलांना उगीच हाकारलं. "घर खायाले उठते. नर्मदीबी रडते."

"मग गावाला मागे एवढं फरफटत का येऊ देता? एकट्याच या की."

त्यांनी घाईघाईनं डोळे पुसले आणि मागून येणाऱ्या गाड्यांकडे मान वळवली.

"त्यायले सांगू नोका. एकटीच आली असती त पोट्टं म्हनलं असतं, माय रडाले आली. मंग तेबी रडलं असतं, शिकलं नसतं. धा गाड्या सोबत असल्या का बजारच झाला ना!"