होडी हलत नाही

काकूंचा डावा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि घरातल्या टीव्हीचे दिवस फिरले. उशीवर पाय, हातात रिमोट, आणि समोर येईल त्या सिनेमाची खैर नाही. एकात नायक गोळी लागल्यावरही लांबलचक भाषण द्यायला लागला, तर काकू म्हणाल्या, "आधी याला दवाखान्यात न्या, मग बोलू दे." दुसऱ्यात जन्माच्या वैरिणी असलेल्या जावा शेवटी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, तर काकू म्हणाल्या, "आता सोमवारी सकाळी यांचं काय होतं, ते दाखवा म्हणावं." काका शेजारी बसून हं हं करायचे. जन्मभराच्या सरावाने तो हं योग्य जागी पडायचा.

काकू कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये तयार माल तपासायच्या. दात वाकडा दिसला की काकू तोंडावर 'वाकडा' म्हणायच्या, मग समोर कारागीर असो की साहेब. सुट्टीवर असल्या तरी सकाळच्या फोनवरच्या मीटिंगला त्यांची हजेरी असायचीच.

अशाच एका मीटिंगमध्ये साहेबांनी सांगितलं, "आमच्या जावईबापूंनी काढलेला सिनेमा आता घरबसल्या बघता येतो. 'अलीकडचा काठ'. सगळ्यांनी बघा आणि उद्या अगदी मनमोकळं मत सांगा."

'मनमोकळं' हा शब्द काकूंनी खरा मानला. संध्याकाळी काकांनी सिनेमा शोधून लावला आणि ते झोपी गेले. काकूंनी मात्र तो शेवटपर्यंत पाहिला.

दुसऱ्या दिवशी थोरले कारागीर म्हणाले, "अप्रतिम!" फोन घेणारी मुलगी म्हणाली, "शब्दच नाहीत, सर." मग काकूंची पाळी आली.

"एक माणूस होडीत बसतो आणि वल्हवत राहतो. होडी काही हलत नाही. दोरी खुंट्याला बांधलीय हो, कुणीतरी सांगा त्याला! आणि ती बाई काठावर नुसता कांदा सोलतेय. चिरत नाही, फोडणी नाही. मला नाही आवडला."

मग कारागीर खाकरले. "काकू, ती होडी म्हणजे आपलं आयुष्य आहे. ते हलतं का?"

"मी तर होडीच्या सीनला ढसाढसा रडले," मुलगी म्हणाली.

साहेबांचा आवाज जड झाला. "त्या होडीसाठी पोराने किती हाल काढलेत, काकू, तुम्हाला कल्पना नाही."

तिथून प्रकरण वाढत गेलं. दुपारी साहेबांच्या बायकोचा फोन आला, "माझी मुलगी जेवली नाहीये!" संध्याकाळी कारागिरांनी समजावलं, "सॉरी म्हणून टाका." दुसऱ्या सकाळी मीटिंगला काकूंना कुणी जोडूनच घेतलं नाही. साहेबांचा निरोप तेवढा आला: तपासणीला दुसरं माणूस बघतोय, तुम्ही निवांत आराम करा.

काका घाबरले. "अगं, एकदा 'छान' म्हण. तुझं काय जातं?"

"वाकड्या दाताला सरळ म्हणायला लागले, तर दुसऱ्या माणसाची गरज काय? मीच दुसरी झाले की!"

रविवारी दाराची बेल वाजली. साहेब, थोरले कारागीर, फोन घेणारी मुलगी आणि मागे एक किडकिडीत, दाढीवाला तरुण. साहेबांच्या हातात फळं होती. पाय बघायला आलोय म्हणाले, पण पायाकडे कुणी बघेना.

"हे जावईबापू," साहेब म्हणाले. "काय ते यांना समोर सांगा."

सगळ्यांना वाटलं, आता काकू नमतील. काकूंनी पाय नीट उशीवर घेतला. "सांगते की. बाबा रे, तुझी ती होडी हलत नाही."

"कसली होडी?" जावई म्हणाला.

"तीच ती, आयुष्याची," कारागिरांनी मदत केली.

"माझ्या सिनेमात होडी नाहीये. सगळा सिनेमा एका लिफ्टमध्ये आहे."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी रिमोटने टीव्हीवरची यादी उघडली आणि हळूच म्हणाले, "आपण 'पलीकडचा काठ' पाहिला वाटतं."

जावई सावकाश सासऱ्यांकडे वळला. "पप्पा, तुम्हीसुद्धा होडी पाहिलीत?"

साहेब मोजत असल्यासारखे फळांकडे बघू लागले. फोन घेणाऱ्या मुलीने तिथल्या तिथे पाणी मागितलं.

"चुकीचा सिनेमा पाहिला, ही माझी चूक," काकू म्हणाल्या. "त्याची माफी मागते. होडीबद्दलचं मत मात्र तेच. अहो, दार लावा आणि यांचा सिनेमा लावा. कुणी उठायचं नाही!"

कुणी उठलं नाही. लिफ्ट बंद पडली, आत एक नवरा-बायको अडकली, ती आधीच घटस्फोटाला निघालेली. कारागीर घोरायला लागले, तशी काकूंनी त्यांना कुबडीने ढोसलं. साहेबांनी काही बोलायला तोंड उघडलं, तर काकू खेकसल्या, "शू!"

सिनेमा संपला. सगळ्यांचे डोळे काकूंवर.

"चांगला आहे," काकू म्हणाल्या. "फार चांगला आहे."

साहेबांचा चेहरा उजळला. "मिटलं तर मग! काकू, प्लास्टर निघालं की कामावर या. मनात काही ठेवू नका."

"मिटलं काय? मला खरंच आवडला!"

"हो हो," कारागीर समजूतदारपणे म्हणाले. "नोकरी आहे, करावं लागतं."

"अहो, करावं लागतं म्हणून नाही! ती बायको त्याच्या शर्टाचं बटण लावते ना, तिथे माझ्या..."

"शिकलीस गं बाई," काका कौतुकाने म्हणाले.

काकूंना असा संताप आला की पाय प्लास्टरमध्ये नसता तर त्या उठून उभ्या राहिल्या असत्या. माणसं चपला घालू लागली. शेवटी निघाला तो जावई. तो वाकून हलकेच म्हणाला, "बटणाच्या वेळी तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलं. काळजी करू नका, कुणाला सांगणार नाही."

"सांग की मेल्या!" काकू ओरडल्या. "सगळ्यांना सांग!"

पण तोपर्यंत मंडळी जिना उतरून गेली होती, आणि खालून साहेबांचा समाधानी आवाज येत होता, "बाई फटकळ आहे खरी, पण बघा, शेवटी आली ना वळणावर!"