निरीक्षकांचे दोन पेग

"रोज किती घेता?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन पेग," निरीक्षकांनी सांगितलं.

"दोनच?"

इथेच सगळं बिघडलं. निरीक्षक वजनमापे खात्यात एकोणतीस वर्षं नोकरी करत होते. दुकानदारांचे काटे आणि दूधवाल्यांची मापं तपासायची, बरोबर असतील त्यांवर शिक्का मारायचा आणि चुकीची असतील ती जप्त करायची, हे त्यांचं काम. दुसऱ्यांवर संशय घेण्याचाच त्यांना पगार मिळत असे. आपल्यावर कुणी संशय घ्यावा हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि हा कालचा पोरगा गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून त्यांच्या दोनला 'च' लावत होता.

"यकृताचे आकडे थोडे वर आहेत, म्हणून विचारलं. बरेच लोक कमी सांगतात."

"लोक सांगत असतील. मी मापातला माणूस आहे."

"मग एकदा मोजूनच या," डॉक्टर म्हणाले.

एरवी निरीक्षक दवाखान्याची पायरी चढले नसते, पण लेकीने नाक दाबलं होतं. तिची वाढवून घेतलेली बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि नऊ महिन्यांच्या नातीला दिवसभर सांभाळायला कुणीतरी हवं होतं. निरीक्षक आणि त्यांची बायको एका पायावर तयार होते. निरीक्षकांनी तर साठवलेली रजाही मंजूर करून घेतली होती. लेकीने शांतपणे सांगितलं, "बाबा, तुमचं पिणं डॉक्टर सांगतील तेवढ्यावर आलं, तर बाळ तुमच्याकडे. नाहीतर पाळणाघर. मी तिथे जागा धरून ठेवली आहे." आपल्या रक्ताची नात परक्यांच्या हातात जाणार या कल्पनेनेच निरीक्षकांनी त्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली होती.

तेव्हा शनिवारी सकाळी त्यांनी कचेरीतलं काचेचं प्रमाणित मोजपात्र घरी आणलं. आपला नेहमीचा जाड बुडाचा ग्लास टेबलावर ठेवला, नेहमीच्या रेघेपर्यंत पाणी भरलं आणि नियमाप्रमाणे तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना ते अगदी एक डोळा मिटून वाकले होते. बायको दारात उभी होती.

"किती भरलं?"

"पंच्याण्णव मिलिलिटर."

"आणि पेग म्हणजे किती?"

"तीस."

"दुकानदाराचं असं माप सापडलं तर काय करता तुम्ही?"

"कमी देणाऱ्यावर कारवाई असते," निरीक्षक म्हणाले. "जास्त देणाऱ्यावर कायद्यात काही नाही."

पण माणूस खोटा अहवाल लिहिणाऱ्यांतला नव्हता, हे मात्र त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. सोमवारी त्यांनी डॉक्टरांपुढे रीतसर कागद ठेवला: दोन पेग, प्रत्यक्ष एकशे नव्वद मिलिलिटर, रोज. डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला, मग रक्ताचा अहवाल पुन्हा उघडला.

"एवढ्या दारूच्या मानाने तुमचं यकृत फारच उत्तम आहे," ते म्हणाले. "मला तर कळतच नाही."

निरीक्षकांनी छाती पुढे काढली. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या आणि एकदम बंद करायची नाही, दर आठवड्याला थोडी थोडी उतरवत साठ मिलिलिटरवर यायचं, असं बजावलं. मदतीला दवाखान्यातर्फे एक कोच मिळणार होती. ती रोज फोन करणार, तक्ता ठेवणार आणि धीर देणार. आपल्याला धीराची गरज नाही असं निरीक्षकांनी सांगून पाहिलं, पण कोच सगळ्यांसाठीच होती.

कोच पंचविशीतली मुलगी होती आणि तिच्या आवाजात दिवसभर पुरेल इतकी उमेद होती.

"सर, आज किती?"

"एकशे पासष्ट. प्रमाणित."

"अरे वा. हात थरथरतात का?"

"नाही."

"घाम? अस्वस्थ वाटतं?"

"नाही."

"चिडचिड होते?"

"ती आधीपासून आहे."

एकशे पासष्टवरून एकशे चाळीस, मग एकशे दहा, मग ऐंशी. निरीक्षक पायऱ्या उतरल्यासारखे सहज उतरत होते. हात थरथरला नाही की जीव कासावीस झाला नाही. दवाखान्याच्या गटात दारू उतरवणारी बाकीची मंडळी घामाघूम होत होती. एक निवृत्त मास्तर तर फोनवर रडले होते. हे काय चाललंय असा प्रश्न एखाद्याला पडला असता, पण स्वतःच्या मोठेपणाचं कारण शोधत बसण्याची निरीक्षकांना सवय नव्हती.

कोचने त्यांना गुरुवारच्या गटसभेत बोलायला लावलं. फोनच्या पडद्यावर चौदा दुःखी चेहरे आणि मध्ये निरीक्षक, पांढराशुभ्र सदरा घालून.

"हे सगळं मनाच्या निग्रहावर असतं," त्यांनी सांगितलं. "मी ठरवलं, शरीराने ऐकलं. शरीर म्हणजे हाताखालचा कारकून. त्याला एकदा दम भरला की झालं."

"पण काका, मला तर संध्याकाळी सातनंतर काही सुचतच नाही हो," एक शिंपी काकुळतीने म्हणाला.

"शिस्त नाही," निरीक्षकांनी निदान केलं. पुढच्या गुरुवारीही त्यांनाच बोलावण्यात आलं. त्यांनी भाषणाची टिपणं काढून ठेवली.

पाचव्या रविवारी ते साठवर पोचले. त्या संध्याकाळी लेक बाळाला घेऊन तक्ता बघायला येणार होती आणि त्यावर निकाल लागणार होता. निरीक्षकांनी सात वाजता बायकोने आणून दिलेल्या नव्या बाटलीतून मोजपात्रात बरोब्बर साठ मिलिलिटर ओतले, रेघ डोळ्यांच्या पातळीवर आणून पाहिली आणि दोन घोटांत संपवले. दुपारचं जेवण हलकंच झालं होतं. सव्वासातला घंटी वाजली तेव्हा त्यांना सगळ्या जगाबद्दल विलक्षण प्रेम वाटू लागलं होतं.

"या या," ते दारातूनच म्हणाले. "घर आपलंच आहे."

"बाबा, घर आपलंच आहे," लेक म्हणाली.

"तेच तर."

त्यांनी तक्ता वाचून दाखवायला घेतला. तो उलटा होता, पण त्यांनी आकडे अडखळत का होईना वाचले. मग खात्याचा शिक्का काढून त्यांनी तक्त्यावर मारला, तो टेबलक्लॉथवर उमटला. शेवटी दोन्ही हात पसरून ते नातीला घ्यायला पुढे झाले. तिच्यापर्यंत पोचण्याआधी जरा टेकावं म्हणून ते बसले, पण खुर्ची जिथे होती तिथे नाही, तिच्या वीतभर डावीकडे.

लेकीने बाळाला छातीशी घट्ट धरलं. नात आजोबांना जमिनीवर बसलेलं पाहून खूश झाली होती. लेकीचे डोळे मात्र भरले होते.

"किती घेतलीत, बाबा?"

"साठ मिलिलिटर."

"खरं सांगा."

"प्रमाणित साठ. अगं, मी स्वतः मोजली."

"साठ मिलिलिटरमध्ये माणूस असा बसतो? एकशे नव्वद पचवणारा माणूस?" ती वळली. "आई, मी उद्या पाळणाघराचा अर्ज भरते."

निरीक्षक जमिनीवरून बघत राहिले. एकोणतीस वर्षांत त्यांनी शेकडो दुकानदारांना "साहेब, खरंच बरोबर आहे हो" असं म्हणताना ऐकलं होतं आणि एकावरही विश्वास ठेवला नव्हता. आज आयुष्यातलं सर्वांत खरं माप त्यांनी घेतलं होतं आणि त्यांच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं. त्यांना रडू आलं.

"साठच घेतली त्यांनी," बायको म्हणाली. "चूक माझी आहे."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिने पदराने हात पुसले.

"आठ वर्षं मी त्यांच्या बाटलीत पाणी घालत होते. आधी थोडं, मग अर्धं. मग हळूहळू वाढवत गेले. आता एक वाटा दारू आणि चार वाटे पाणी. रंगाला कोरा चहा."

"चहा?" निरीक्षकांनी विचारलं.

"नाहीतर फिकट दिसली असती ना."

"तरीच मला झोप लागायची नाही." त्यांचा मेंदू मंद पण रीतसर चालत होता. "आणि उरलेली दारू?"

"मोरीत. आपली मोरी आठ वर्षांत कधी तुंबली का बघा." ती लेकीकडे वळली. "मोजपात्र घेऊन बिचारे इतकं मनापासून करत होते. म्हटलं, आज साठवर आलेत, तर साठ तरी खरी मिळू दे. म्हणून आजची बाटली तशीच ठेवली."

भेसळ. स्वतःच्या स्वयंपाकघरात, आठ वर्षं, वजनमापे निरीक्षकाच्या नाकाखाली. निरीक्षकांना आधी संताप आला, मग हसू, मग चौदा जणांपुढे दिलेली दोन भाषणं आठवली आणि कानाची पाळी तापली. मनाच्या निग्रहाने त्यांनी पाच आठवडे जो सोडला होता, तो बव्हंशी चहा होता.

इतक्यात कोचचा रोजचा फोन आला. लेकीने तो स्पीकरवर टाकला आणि सगळी हकिगत तिनेच सांगितली. पलीकडून कागदांची सळसळ ऐकू आली.

"काकू," कोच शेवटी म्हणाली, "हळूहळू उतरवायची ही आमचीच पद्धत आहे. तुम्ही कुठे शिकलात?"

"शिकायचं काय त्यात?"

"आणि सर, म्हणजे हिशेबाने तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा तुमची खरी दारू रोजची अडतीस मिलिलिटर होती. आज साठ. मला तक्त्यात लिहायला लागेल, म्हणून सांगते. गटात तुम्ही एकटेच आहात, ज्यांची आमच्याकडे आल्यावर वाढली."

नातीने टाळ्या वाजवल्या, अर्थात तिला दुसरं काही येत नव्हतं. निरीक्षक खुर्चीच्या आधाराने उठले, खुर्ची चाचपून पाहिली आणि तिच्यावर बसले. नात समोर हातभर अंतरावर होती. लेक तिला पुढे करत नव्हती.

"गेल्या आठवड्याची खरी किती निघते?" त्यांनी विचारलं.

"सोळा, सर. ऐंशीचा पाचवा हिस्सा."

"मग डॉक्टरांना विचारा, सोळावरून थेट बंद चालेल का. चालत असेल तर उद्यापासून शून्य लिहा. शून्यात कुणाला काही मिसळता येत नाही."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, रक्त पुन्हा तपासलं आणि होकार दिला. यकृताचं कौतुक मात्र त्यांनी मागे घेतलं. पुढच्या गुरुवारी निरीक्षकांनी चौदा जणांसमोर खरा प्रकार सांगितला. शिंपी इतका हसला की त्या संध्याकाळी सातनंतर त्याला पहिल्यांदाच काहीतरी सुचलं, असं कोचने नंतर कळवलं. खरे हाल तिथून पुढे सुरू झाले, कारण आता ग्लासात चहासुद्धा नव्हता. निरीक्षक संध्याकाळभर घरात येरझाऱ्या घालत, बायकोवर डाफरत आणि मग मास्तरांना फोन करून तासभर बोलत. तीन आठवडे तक्त्यात शून्याखाली शून्य पडत गेलं. चौथ्या सोमवारी सकाळी लेक बाळ, कपड्यांची पिशवी आणि दुधाची बाटली ठेवून कामावर गेली.

नात मांडीवर बसली. निरीक्षकांनी दुधाची बाटली उचलली, डोळ्यांच्या पातळीवर धरली, माप पाहिलं. मग खिडकीच्या उजेडात नेऊन दुधाचा रंग पाहिला आणि हळूच मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" ती म्हणाली. "ती बाटली तिच्या आईने भरली आहे."

"तिची आई," निरीक्षक म्हणाले, "तुझीच मुलगी आहे."