कोंडाबाईचं बोट

सात वाजून पन्नास मिनिटे झाली होती आणि बेलदरवाडीच्या आरोग्य उपकेंद्रात वृषाली उभ्यानेच चहा पीत मोबाइलकडे पाहत होती. तिच्या अकरा मधुमेही सभासदांनी आठच्या आत, उपाशीपोटी साखर मोजून, यंत्राचा फोटो व्हॉट्सॲप समूहावर टाकणे अपेक्षित होते. तोवर आलेला ऐवज असा होता: गुलाबाची फुले सहा, मंचरचा कांद्याचा भाव, आणि उसात बसलेला एक बिबट्या, जो चार जणांनी स्वतंत्रपणे पाठवला होता. साखरेचा पत्ता नव्हता.

समूहाचे नाव 'निरामय डिजिटल आरोग्य समुदाय' होते. ज्यांनी हे नाव ठेवले त्यांनी बेलदरवाडी पाहिली नव्हती आणि बेलदरवाडीने 'निरामय' हा शब्द पाहिला नव्हता. दोन्ही बाजूंचे अज्ञान असे तुल्यबळ असले की योजना जन्माला येते. तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांनी वृषालीला स्पष्ट सांगितले होते, "मार्चअखेर समूह यशस्वी करून दाखवा, ओतूरची बदली तुमची." ओतूरला तिचा नवरा होता, सासूबाई होत्या आणि समृद्धी नावाची मुलगी होती, जी हल्ली तिला 'रविवारची मम्मी' म्हणू लागली होती. यशाची व्याख्या योजनेच्या पत्रातच दिली होती: ऐंशी टक्के फोटो आणि सरासरी साखर एकशे तीसच्या आत. माणसांचा उल्लेख पत्रात नव्हता.

आठवड्याभरात जेमतेम जमलेल्या आकड्यांची तिने एक यादी केली आणि समूहावर टाकली. कमी आकडा वर, जास्त आकडा खाली. यामागे कोणतेही तत्त्वज्ञान नव्हते. संगणकाने ती तशी लावून दिली होती. दहाव्या मिनिटाला गेणभाऊ काठी आपटत उपकेंद्राच्या पायरीवर हजर झाले.

"म्याडम, ह्ये काय लावलंय? चिमाजी पयला आन् मी सातवा?"

"भाऊ, ही शर्यत नाही. ज्याची साखर कमी तो वर, एवढंच."

"मंजी कमीवाला पयला! आमच्या शर्यतीच्या घाटात बी आसंच आस्तंय. ज्याला सेकंद कमी, त्यो पयला. आदी सांगायचं न्हाई व्हय?"

गेणभाऊंच्या गाड्याने पंचक्रोशीतल्या बैलगाडा शर्यतींत एके काळी असा दरारा ठेवला होता की त्यांचे बैल गेले तरी ताठा राहिला. दुसऱ्या दिवशी आठच्या आत अकराच्या अकरा फोटो आले. चिमाजीने तर घाटातल्या निवेदकाच्या थाटात आवाजी संदेश सोडला, "झाऽऽली! चिमाजी आबांचा गाडा एकशे अठ्ठावीस! हाय का कोन मायचा लाल?"

मायचा लाल चौथ्या दिवशी निघाला. गेणभाऊंची साखर दोनशे एकतीसवरून एका रात्रीत एकोणनव्वदवर आली. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही घटना अशक्य होती. वृषालीला ते कळत नव्हते असे नाही. परंतु बदली तोंडाशी आली असता शंका घेण्याइतका फावला वेळ कुणापाशी असतो?

एकोणनव्वद हा आकडा गेणभाऊंचा नसून कोंडाबाईचा होता. वाडीपासून दीड कोस वर, डोंगराच्या कडेला, ही सत्तरीची काटक म्हातारी शेळ्या राखून एकटी राहत असे. पहाटे गेणभाऊ धापा टाकत तिच्या दारात उभे राहिले होते.

"मावशे, एक बोट दी."

"कशापायी रं?"

"पळवायचंय."

यात लबाडी आहे असे गेणभाऊंच्या मनालाही शिवले नाही. घाटात पाव्हण्याचा बैल मागून आणून आपल्या गाड्याला जुंपणे ही शिष्टसंमत रीत आहे. बैल कुणाचाही असो, पुकारा गाडामालकाच्या नावाचा होतो. मग बोटाने काय घोडे मारले होते?

मात्र चांगला बैल गावापासून लपत नाही. चिमाजीने माग काढला, त्याच्याकडून भगवंत नावाच्या तिसऱ्या सभासदाला कळले, आणि पंधरवड्यात अकराही सभासद पहाटे डोंगर चढू लागले. सुरुवातीला प्रत्येकाची समजूत अशी की आपण एकटेच जातो. एकदा वाटेतल्या बाभळीखाली गेणभाऊ आणि चिमाजी समोरासमोर आले.

"का रं, हिकडं कुठं?"

"शेळी बघाया आल्तो. तुमी?"

"म्या बी शेळीच बघाया."

"लई बगू नका भाऊ, आटंल ती!"

कोंडाबाईची अडचण निराळी होती. "आरं मुडद्यांनो, धाच बोटं हायती मला," ती म्हणे, "आकरावा आला की कालचंच टोचून घ्यावं लागतं!" समूहावर अकरा आकडे अठ्ठ्याऐंशी ते एक्याण्णवच्या दरम्यान शिस्तीत उभे राहिले. वरिष्ठांनी अभिनंदन केले. अन्य तालुक्यांना तो समूह आदर्श म्हणून दाखवण्यात आला. अकरा माणसांचे रक्त इतके एकमताने वागते याचे आश्चर्य कुणालाही वाटले नाही, कारण एकमत हेच समूहाचे उद्दिष्ट म्हणून पत्रात नमूद होते.

पुढचे संकट कृतज्ञतेने आणले. शर्यतीच्या बैलाला खुराक द्यावा लागतो, हे वाडीतल्या पोरालाही ठाऊक असते. कुणी खारकेचे लाडू नेले, कुणी गुळाच्या पोळ्या, कुणी जिलबी; घरी यांच्यासाठी निषिद्ध झालेला सगळा गोडवा उपरण्यात बांधून डोंगर चढू लागला. जन्मभर नाचणीच्या भाकरीवर वाढलेल्या कोंडाबाईने अकरा खुराक महिनाभर भक्तिभावाने खाल्ले. फेब्रुवारीच्या शेवटी समूहावर अकरा आकडे एकशे चाळीसवर गेले, मग एकशे सत्तरवर. आणि एका सोमवारी अकराही जण दोनशे बारा.

वृषालीची झोप उडाली. तिने विहिरीचे पाणी तपासायला पाठवले, गोळ्यांच्या पाकिटावरच्या तारखा पाहिल्या, घरोघर फिरून कोण काय खातो ते विचारले. काही निष्पन्न होण्याआधी घोडेगावहून साहेबांची गाडी आली. निरोप धाडून पहाटेपासून उपाशी थांबवलेल्या अकराही जणांना साहेबांनी उपकेंद्राच्या ओट्यावर ओळीने बसवले आणि स्वतःचे यंत्र काढले.

"गेणभाऊ, बोट."

गेणभाऊंनी स्वतःचे बोट असे पुढे केले, जणू अंगणातले लंगडे वासरू घाटात उतरवत होते. आकडा आला: एकशे चार. चिमाजी, अठ्ठ्याण्णव. भगवंत, एकशे दहा. अकराही जण मर्यादेत. साहेबांनी यंत्र झटकले, सेल बदलले. आकडे बदलले नाहीत. महिनाभर रोज पहाटे दीड कोस चढणाऱ्या आणि वाट्याचे गोड दुसऱ्याला नेऊन घालणाऱ्या माणसांच्या शरीरांनी, मालकांना न विचारता, बरे व्हायला घेतले होते.

इतक्यात काठी टेकत कोंडाबाई आली. "आज यकबी मुडदा फिरकला न्हाई," ती ओट्यापाशी येऊन म्हणाली, "मंग म्हन्लं आपुनच जावं. कोनाचं बोट ऱ्हायलंय? आन् लाडू कुठं हायत?"

चिमाजी आभाळाकडे पाहू लागला. साहेबांनी म्हातारीचे बोट टोचले. दोनशे चौदा.

सगळा प्रकार ऐकून झाल्यावर साहेबांनी डोळे मिटून घेतले. मग थंडपणे विचारले, "समूहाची सरासरी काय दाखवायची?"

"साहेब," वृषाली म्हणाली, "ही अकरा माणसं बरी झाली आहेत."

"बरी झाल्याचा फोटो आहे का?"

"आत्ता तुमच्याच समोर..."

"आठनंतरचे फोटो प्रणाली धरत नाही. म्हातारी सभासद आहे?"

"नाही. तिच्याकडे मोबाइल नाही."

"मग ती आजारी नाही," साहेब म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

वृषालीने त्या दिवशी दोन कामे केली. कोंडाबाईला गोळ्या सुरू करून पथ्य सांगितले; आणि अकरा जणांना बजावले, की उद्यापासून ज्याने त्याने घरचा बैल जुंपायचा, पण डोंगर चढून मावशीला रिकाम्या हाताने पाहून यायचे, नाहीतर बैल बसेल. "रिकाम्या हातानं?" गेणभाऊ दुखावून म्हणाले, "लोक काय म्हन्तील?" पण गेले. मार्चअखेर सरासरी एकशे दोन भरली, फोटो शंभर टक्के आले, आणि तेही सगळे खरे. ही शेवटची गोष्ट कोणत्याही रकान्यात बसत नसल्याने तिची नोंद झाली नाही.

एक एप्रिलला साहेबांचा फोन आला. "अभिनंदन! ओतूर तुम्हाला दिलं."

वृषालीने लगोलग विचारले, "कधी रुजू होऊ, साहेब?"

"झालातच की! तिथल्या समूहाचं संचालन आजपासून तुमच्याकडे. बेलदरवाडी आहेच."

"पण... मला तिथं जायचं होतं."

"मॅडम, समुदाय ऑनलाइन आहे," साहेब समजुतीने म्हणाले, "जायचं कशाला?"

फोन बंद होतो न होतो तोच नव्या समूहावर पहिला आवाजी संदेश आला. आवाज तिच्या सासूबाईंचा, बयाबाईंचा होता.

"वृषाली, माजी आज येकशे ब्याऐंशी. आन् काय गं, तू आलीस म्हनं वतूरला. सकाळधरनं समद्यास्नी सांगतीया मी. मंग दिसत कशी न्हाईस?"